अभ्यासाची सावड



पेरणीच्या दिवसांत ज्याच्या गोठ्यात एकच बैल असतो तो काय करतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. तो शेजारच्या दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. आज तुझे वावर, उद्या माझे, असे ठरते आणि दोघांचीही पेरणी वेळेवर उरकते. या रीतीला कुठे सावड म्हणतात, कुठे पैरा म्हणतात, कुठे वारंगुळा म्हणतात. नाव काही असो, मतलब एकच. जे एकट्याच्या आवाक्यात नाही ते दोघांच्या आवाक्यात येते.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच एका सावडीविषयी, पण ती वावरातली नाही, अभ्यासातली आहे. दरवर्षी नोव्हेंबर महिना संपता संपता, एका रविवारी, नागपुरातल्या परीक्षाकेंद्रांवर मुलामुलींच्या रांगा लागतात. विदर्भातल्या गावोगावची मुले त्यांत असतात. ही मुले 'कॅट' नावाची परीक्षा देतात. उद्योगधंदा कसा चालवावा, माणसे, पैसा आणि माल यांचा मेळ कसा घालावा, हे शिकवणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आपल्या देशात आहेत, त्यांच्या दाराची ही किल्ली. २०२४ साली या परीक्षेसाठी देशभरातून सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नावे नोंदवली आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष बसले.

शहरातला मुलगा या परीक्षेला निघतो तेव्हा त्याच्या वर्गातले चारजण त्याच्याबरोबर निघालेले असतात. खेड्यातला मुलगा, आणि विशेषतः खेड्यातली मुलगी, बहुधा एकटीच असते. पुस्तक मिळते, मोबाइलवर धडेही मिळतात, पण शेजारी बसून 'हे तू कसे केलेस?' असे विचारणारे कोणी नसते. ही उणीव लहान नाही. ती किती मोठी आहे आणि पूर्वीच्या लोकांनी ती कशी भरून काढली, हे इतिहासात पाहण्यासारखे आहे.

परीक्षा घेऊन माणूस निवडायचा, ही कल्पना फार जुनी. चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडण्यासाठी तेराशे वर्षे परीक्षा चालली आणि १९०५ साली ती बंद झाली. इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानातल्या मोठ्या नोकऱ्यांसाठी १८५५ साली स्पर्धा परीक्षा सुरू केली. तोवर या जागा वशिल्याने मिळत. आता मिळणार होत्या गुणांनी. कागदावर ती हिंदी माणसालाही खुली होती. पण परीक्षा लंडनला! समुद्र ओलांडायचा, परक्या देशात राहायचे, परक्या भाषेत लिहायचे आणि तिथल्याच मुलांशी झुंज घ्यायची. एवढे धाडस एकट्याने कोण करणार?

म्हणून जे गेले ते सोबतीने गेले. १८६२ साली बंगालचे दोन तरुण मित्र, सत्येंद्रनाथ टागोर आणि मनमोहन घोष, एकत्र विलायतेस निघाले. एकत्र राहिले, एकत्र अभ्यास केला. १८६३ साली सत्येंद्रनाथ निवडले गेले. या परीक्षेत यश मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू पुढे आपल्या मुंबई इलाख्यात नोकरीला आले आणि साताऱ्यास न्यायाधीशही झाले. मनमोहन मात्र दोनदा बसूनही पास झाले नाहीत. त्यांची गोष्ट शेवटी पुन्हा सांगेन, कारण तिच्यात आपल्या मुलांसाठी मोठा बोध आहे.

पाच-सहा वर्षांनी पुन्हा बंगालमधून तिघे निघाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी. १८६९ साली तिघेही पास झाले! त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर हेही पास झाले. एका वर्षात चार हिंदी तरुण. पण पुढे काय झाले पहा. सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांच्या वयावर आक्षेप निघाला आणि दोघांची नावे यादीतून काढली गेली. सुरेंद्रनाथांच्या बाबतीत घोटाळा असा की, आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष सांगण्याची रीत. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की आपण 'सोळा' म्हणतो. इंग्रजांचा हिशेब पुऱ्या झालेल्या वर्षांचा. जुन्या दाखल्यावरचे 'सोळा' आणि लंडनच्या अर्जावरचे वय यांचा मेळ बसेना. प्रकरण कोर्टात गेले, आणि शेवटी दोघांनाही परत घेण्यात आले. अभ्यास चोख, पण एका दाखल्याने नोकरी जाता जाता राहिली. शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. दाखल्यांचा विषय पुढे येणारच आहे.

या परीक्षेचा नागपूरशीही धागा आहे. १९१८ साली चिंतामणराव देशमुख या परीक्षेत पहिले आले आणि त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होते त्या प्रांतात, झाली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुढे गेला होता. हेच चिंतामणराव पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले.

आता आपल्या नागपूरकडे वळू. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने इथे १८४६ साली शाळा काढली. तिच्यातूनच १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. पण नागपुरात विद्यापीठ नव्हते. ही कॉलेजे जोडलेली होती कलकत्ता विद्यापीठाला, आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाला. म्हणजे शिकायचे नागपुरात आणि परीक्षा त्या विद्यापीठाची. प्रश्न काढणारा शेकडो कोस दूर. त्याला ना आपली भाषा ठाऊक, ना आपले गाव. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कुठे ही अडचण सरली. आज त्याच विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे.

मुंबईकडेही सुरुवात अशीच थोड्या माणसांची. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली झाले. ते होते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मागे वाट दाखवणारा पदवीधर नाही, जुन्या उत्तरपत्रिका नाहीत, मार्गदर्शिका नाहीत. जे काही होते ते पुस्तक, गुरू आणि एकमेकांची सोबत. या सोबत्यांनी पुढेही एकमेकांना सोडले नाही. प्रार्थना समाजाच्या कामात ते बरोबरच दिसतात.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर? त्यांच्या अपार अभ्यासाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, त्यात बहुधा ते एकटेच पुस्तकात बुडालेले दिसतात. ते खरेच आहे. पण १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर नवल भाथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत होता. ही मैत्री जन्मभर टिकली, आणि बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला परत निघाले तेव्हा याच मित्राने त्यांना पैशाची मदत केली. एवढ्या प्रज्ञावंतालासुद्धा सोबती लागला, तर तुमच्याआमच्या मुलांना लागला तर त्यात कमीपणा कसला?

हे झाले परीक्षेचे. आता ज्या विद्येसाठी ही परीक्षा, ती व्यवस्थापनाची विद्या आपल्याकडे कशी आली, तेही पाहू.

पूर्वी धंद्याची शाळा म्हणजे पेढी. दिवाणजीच्या हाताखाली पोरगा बसायचा. आधी कागद-दौत सांभाळायची, मग रोजकीर्द लिहायची, मग खतावणी. चार-पाच वर्षांनी त्याला नफातोट्याचा वास कळू लागे. मोठे कारखाने आले तेव्हाही शाळा नव्हतीच. नागपूरचीच गोष्ट घ्या. १८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. कापूस पिकतो त्याच मुलखात कापड का विणू नये, असा विचार करून जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल काढली. ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. तिचा कारभार त्यांनी कोणाच्या हाती दिला? बेझनजी मेहता यांच्या. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाच्या गिरणीचा अनुभव शून्य! पण टाटांनी माणूस पारखला. बेझनजी काम करता करता शिकले आणि ती गिरणी देशातल्या नावाजलेल्या गिरण्यांपैकी एक झाली. शतकाहून अधिक काळ चाललेली ही गिरणी आता बंद पडली आहे, पण नागपुरातल्या कितीतरी घरांत अजून तिचे नाव निघते.

असा पारखी मालक प्रत्येकाला कुठून मिळणार? कारखाने वाढले, बँका वाढल्या, तशी ही विद्या रीतसर शिकवण्याची गरज भासू लागली. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले. आपल्या बाजूला वर्ध्यात, जमनालाल बजाजांनी उभारलेल्या शिक्षा मंडळाने १९४० साली गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय काढले, आणि १९४५ साली त्याच नावाचे महाविद्यालय नागपुरातही सुरू झाले. कलकत्ता आणि अहमदाबाद या दोन शहरांत १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. त्यांनाच आपण 'आय.आय.एम.' म्हणतो. अहमदाबादच्या संस्थेने अमेरिकेतल्या हार्वर्डच्या व्यवसायशाळेचे साहाय्य घेतले.

त्या हार्वर्डच्या शाळेची शिकवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. तिथे गुरुजी फळ्यावर नियम लिहून देत नाहीत. एखाद्या खऱ्या धंद्याची खरी अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. मालाला उठाव नाही, कामगार नाराज आहेत, पैसा संपत आलाय; बोला, तुम्ही मालक असता तर काय केले असते? वर्गात जाण्यापूर्वी विद्यार्थी पाचसात जणांच्या टोळीत बसून त्यावर वाद घालतात. एकाने हिशेब पाहायचा, दुसऱ्याने माणसांची बाजू पाहायची, तिसऱ्याने उगीच विरोध करून पाहायचा. तीच रीत अहमदाबादने घेतली. म्हणजे पहा, ज्या संस्थेत जाण्यासाठी मुले सोबती शोधतात, त्या संस्थेत गेल्यावरही सोबत्यांवाचून चालत नाही. सोबतीने शिकण्याची सवय ही त्या विद्येचा पहिला धडाच म्हणा ना.

नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था २०१५ साली सुरू झाली. अहमदाबादच्या संस्थेने तिला पहिली काही वर्षे बोट धरून चालवले. आरंभी ती विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात भरत असे. २०२२ साली विमानतळाजवळच्या मिहान भागात तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. ज्या विद्येसाठी आपल्या मुलांना कलकत्ता-अहमदाबाद गाठावे लागे ती आता बसच्या पल्ल्यात आली. पण दार जवळ आले म्हणून ते आपोआप उघडत नाही. परीक्षा सगळ्या देशाची एकच आहे. नागपूरच्या मुलाला नागपूरचा म्हणून एकही गुण जास्त मिळत नाही.

आता ही परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगतो. धंद्याच्या शाळांसाठी अशी सामाईक चाचणी अमेरिकेत १९५४ साली प्रथम झाली. आपल्याकडची 'कॅट' पूर्वी कागदावर होई. २००३ साली तिची प्रश्नपत्रिका आधीच फुटल्यामुळे नोव्हेंबरमधली परीक्षा रद्द करावी लागली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. २००९ पासून ती संगणकावर होते. तिचे तीन भाग आहेत. पहिला इंग्रजी उतारे वाचून समजण्याचा, दुसरा कोष्टके आणि कोडी सोडवण्याचा, तिसरा गणिताचा. २०२० सालापासून प्रत्येक भागाला ४० मिनिटे देण्यात येऊ लागली, आणि एका भागाचा उरलेला वेळ दुसऱ्या भागाला वापरता येत नाही. गणित बहुतेक दहावीपर्यंतचेच. अवघड असते ते वेळेचे गणित.

गुण देण्याची रीतही समजून घ्या. बरोबर उत्तराला ३ गुण, आणि चार पर्यायांच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण वजा. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर स्वतः टंकायचे असते, तिथे चुकल्यास काही कापत नाहीत. मुले विचारतात, "सर, येत नसेल तर ठोकून द्यायचे का?" याचा हिशेब सोपा आहे. चार पर्यायांचे १२ प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने ३ बरोबर येतील, त्यांचे ९ गुण. ९ चुकतील, त्यांचे ९ वजा. हाती शून्य, आणि वेळ गेला तो वेगळाच. पण प्रत्येक प्रश्नात एक पर्याय नक्की चूक आहे एवढे ओळखता आले, तर १२ पैकी ४ बरोबर येतील, म्हणजे १२ गुण. ८ चुकतील, म्हणजे ८ वजा. हाती ४ उरतात. अंधारात दगड मारण्यात आणि विचार करून अंदाज बांधण्यात एवढा फरक आहे.

निकाल टक्क्यांत लागत नाही, 'पर्सेंटाइल'मध्ये लागतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९९ गुण नव्हेत. म्हणजे असे की, शंभरातले नव्याण्णव जण तुमच्या मागे आहेत. २०२४ साली जे २ लाख ९३ हजार बसले, त्यांत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे २,९०० जण होते. शिवाय एवढ्यावरच प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पाहतात, मुलाखत घेतात. म्हणून दहावीच्या वर्गातल्या मुलालाही हे आजच सांगायला हवे.

आता मुख्य गोष्ट. सोबती कसे शोधावे आणि सावड कशी चालवावी?

पहिले म्हणजे, माणसे थोडी असावीत. तिघेचौघे पुरेत. आठदहा झाले की त्याची चावडी होते. दुसरे, सगळे एकाच साच्याचे नसावेत. एकाचे गणित पक्के, दुसरीचे इंग्रजी चांगले, तिसरा कोड्यांत तरबेज, असे असले तर प्रत्येकाजवळ देण्यासारखे काही असते. सावडीत ज्याच्याजवळ बैल नाही त्याने निदान मनुष्यबळ आणायचे असते. रिकाम्या हाताने कोणी येत नाही. सोबती आपल्याच गावात मिळाला नाही तर तालुक्याच्या कॉलेजात पहा, एसटीत रोज भेटणाऱ्यांत पहा, वसतिगृहात पहा. नागपुरात असाल तर अभ्यासिकेत पहा. मुलींना रात्री बाहेर पडणे अवघड जाते, हे आपण जाणतो. त्यांनी ठरलेल्या वेळी फोनवर बसावे. रात्री ८ ते ९ म्हणजे ८ ते ९. त्या तासात दुसरे बोलणे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे, घड्याळ लावून. मग एकत्र बसायचे. एकत्र बसून पहिल्यापासून सोडवले तर हुशार मुलगा सोडवतो आणि बाकीचे माना डोलावतात. माना डोलावून परीक्षा पास होत नाही. एकत्र बसल्यावर काम एकच, 'तू कसे केलेस?' हे विचारणे.

एक उदाहरण देतो. कापसाचा भाव २५ टक्क्यांनी चढला आणि मग २० टक्क्यांनी उतरला. शेवटी काय झाले? घाईत बहुतेक मुले म्हणतात, ५ टक्के वाढला. आता सोबती विचारतो, "कसा रे?" मग पहिला कागदावर मांडू लागतो. भाव ८,००० रुपये धरू. २५ टक्के चढला, झाले १०,०००. आता २० टक्के कशाचे? ८,००० चे नव्हे, १०,००० चे. ते झाले २,०००. राहिले ८,०००. अरे, भाव होता तिथेच आला की! ही चूक पुस्तकाने सांगितली असती तर उद्या विसरली असती. सोबत्यासमोर झाली म्हणून ती जन्मभर लक्षात राहील. आणि समजावणाऱ्याचाही फायदा होतो. जो दुसऱ्याला समजावू शकत नाही, त्याला स्वतःलाच ते अर्धे समजलेले असते. आपल्या जुन्या लोकांनी म्हटलेच आहे की, विद्येचा एक हिस्सा गुरूकडून मिळतो, एक आपल्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक काळ जाईल तसतसा.

चौथे, प्रत्येकाने चुकांची एक वही ठेवावी. कोणता प्रश्न चुकला, का चुकला, वेळ किती गेला. रविवारी ती वही सगळ्यांपुढे उघडावी. यात लाज धरू नये. पाचवे, इंग्रजी उताऱ्याची भीती घालवण्यास रोज एक वर्तमानपत्री लेख मोठ्याने वाचावा, आणि त्यात काय म्हटले ते सोबत्याला मराठीत सांगावे. ज्याला मराठीत नीट सांगता येते त्याला इंग्रजी समजले आहे असे खुशाल समजा.

आणि सोबती चुकीचा निघाला तर? तासभर गप्पा, अर्धा तास अभ्यास, असे होऊ लागले तर गोडीने सांगावे. ऐकले नाही तर गोडीनेच दूर व्हावे. अडणाऱ्या बैलाबरोबर जू ओढत बसलो तर आपलीही पेरणी जाते.

आता दाखले. सुरेंद्रनाथांची गोष्ट आठवते ना? या संस्थांत कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा राखीव आहेत. अपंगांसाठी ५ टक्के आहेत. पण जागा मिळते ती दाखला हाती असणाऱ्याला, आणि तो केंद्र सरकारच्या नमुन्यातला, मुदतीतला लागतो. अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. तेव्हा तहसीलच्या फेऱ्या उन्हाळ्यातच उरकाव्या. पदवीला निदान ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना ४५. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही बसता येते. सोबत्यांनी अभ्यासाबरोबर एकमेकांचे अर्जही तपासून पाहावेत. दोन डोळ्यांतून निसटते ते आठ डोळ्यांतून निसटत नाही.

आणि खर्च? तो मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्त्या आहेत, बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. पण कर्ज म्हणजे कर्ज. किती घ्यायचे, किती वर्षांत फेडायचे, हा हिशेब आईबापांनी मुलाबरोबर बसून आधीच करावा. ज्याला धंदा चालवायला शिकायचे आहे त्याने पहिला ताळेबंद आपल्या घरचा मांडावा, हे बरेच आहे.

काही पालक मला विचारतात, "जागा थोड्या, आणि हा पोरगा आपले ज्ञान दुसऱ्याला वाटत बसतो. उद्या तोच त्याच्या पुढे गेला तर?" शंका साहजिक आहे. पण पुन्हा ते आकडे पहा. स्पर्धा आहे २ लाख ९३ हजारांशी. त्यांत आपला एक सोबती पुढे गेला तर आपण एकाच पायरीने मागे जातो, आणि त्याच्यामुळे हजारोंच्या पुढे गेलेलो असतो. शेजाऱ्याचे पीक चांगले आल्याने आपले पीक करपत नाही.

तरीही असे होईल की, तिघांतल्या दोघांना जागा मिळेल आणि एक राहील. याची तयारी मनात हवी. म्हणून मनमोहन घोषांची गोष्ट. मित्र पास झाला, आपण दोनदा राहिलो. दुसरा कोणी खचला असता. मनमोहन बॅरिस्टर झाले, परत आले आणि कलकत्त्याच्या हायकोर्टात त्यांनी मोठे नाव मिळवले. त्या परीक्षेसाठी केलेला अभ्यास वाया गेला असे कोण म्हणेल? आणि जे पास झाले त्या सुरेंद्रनाथांची नोकरी १८७४ साली गेली. पण त्यानंतरच ते शिक्षक झाले, देशाचे पुढारी झाले. परीक्षा एक दार उघडते किंवा उघडत नाही. माणसाचे मोल ठरवणे तिचे काम नाही. बेझनजी मेहतांना मिलचा कारभार कोणत्या परीक्षेने दिला होता? 'कॅट'मध्ये राहिलेल्याला राज्याची सामाईक परीक्षा आहे, विद्यापीठाचे वर्ग आहेत, आणि आपल्या गावची सहकारी सोसायटी, बचत गट, संत्र्याची बाग, दुधाचा धंदा आहे. तिथेही हिशेब जाणणारा माणूस हवाच आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुम्हांला 'कॅट' शिकवता आली पाहिजे असे मुळीच नाही. संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवा, एक दिवा, एक फळा, भिंतीवर एक घड्याळ, आणि किल्ली एका जबाबदार मुलाकडे किंवा मुलीकडे. गावात जी तिघेचौघे पदवीची मुले एकमेकांपासून दूर, आपापल्या घरी पुस्तक उघडून बसली आहेत, त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. आपल्या तालुक्यातून पूर्वी कोणी अशी परीक्षा दिली असेल तर सुट्टीत आला म्हणजे त्याला तासभर बोलवा. एवढे केलेत तरी फार झाले. पुढचे काम ती मुले आपसांत सावड करून उरकतील.